दीडशे घरांची पेठ : लहान शेतकरी गटांनी थोड्या खर्चात माल कसा विकावा

मार्गशीर्ष सरता सरता तुरीच्या शेंगा वाळू लागतात आणि पौषात खळ्यावर रास पडते. राशीकडे पाहताना शेतकऱ्याच्या मनात प्रथम समाधान येते की, यंदा दाणा चांगला भरला. लगेच दुसरा विचार येतो की, हा माल आता कोणत्या भावाने जाईल. पेरणी, कोळपणी, फवारणी, काढणी या गोष्टी त्याच्या हातच्या असतात. भाव मात्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो. ह्यातून वाट काढण्यासाठी अलीकडे गावोगावी दहा-बारा शेतकरी एकत्र येतात आणि आपल्या तुरीची डाळ करून ती आपणच विकू असे ठरवितात. हा विचार अत्यंत योग्य आहे. तथापि त्यांचे पहिले पाऊल पुष्कळदा चुकीच्या जागी पडते.

गट स्थापन झाला की, प्रथम रंगीत पत्रके छापली जातात. नंतर मोठा फलक रंगविला जातो, महागड्या पिशव्या मागविल्या जातात आणि दूरच्या शहरातील प्रदर्शनात भाड्याने जागा घेतली जाते. चार दिवस लोक येतात, वाहवा करतात, थोडी डाळ घेऊन जातात आणि पुन्हा कधी दिसत नाहीत. हंगाम संपल्यावर हिशेब पाहावा तर जाहिरातीचा खर्च वरचढ झालेला असतो. पुढील वर्षी सभासद आपापली तूर मुकाट्याने आडतीवर नेतात.

ज्या गटाजवळ भांडवल थोडे आहे त्याने जाहिरातीच्या मागे न लागता विक्री कशी उभी करावी, याचा विचार येथे तूरडाळीचे उदाहरण घेऊन केला आहे. गूळ, हळद, ज्वारी, तांदूळ किंवा मिरची यांनाही हीच रीत थोड्या फरकाने लागू पडते.

गिऱ्हाइके किती हवीत?

सर्वप्रथम गटाने स्वतःस एक साधा प्रश्न विचारावा : आपल्याजवळ विकावयाचा माल किती, आणि तो घेण्यास घरे किती लागतील?

समजा, गटात बारा सभासद आहेत. पहिल्या वर्षी प्रत्येकाने आपली सर्व तूर गटात न घालता केवळ एक क्विंटल घालावी. उरलेली तूर नेहमीच्या मार्गाने विकावी, अथवा भाव पडलेला असल्यास तारण ठेवावी. राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ सालापासून चालू आहे. तिच्यात भाग घेणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज मिळू शकते आणि घाईने विकण्याची पाळी टळते. आपल्या बाजार समितीकडे तिची चौकशी अवश्य करावी.

बारा क्विंटल तुरीपासून, क्विंटलला सत्तर किलो उतारा धरल्यास, ८४० किलो डाळ होते. नमुने, सांडलवंड व तूट यांसाठी २० किलो वजा केल्यास विक्रीस ८२० किलो उरते. एका कुटुंबाने हंगामात पाच किलो डाळ घेतली तर ८२० किलोस १६४ घरे पुरतात. म्हणजे ह्या गटाला मुंबई नको, पुणे नको, साऱ्या जिल्ह्याचे शहरही नको. दीडशेच्या आसपास घरे मिळाली आणि ती दरवर्षी टिकली की, त्याची पेठ उभी राहिली. दीडशे घरांसाठी दहा हजार पत्रके कशाला छापावयाची? ज्याला दीडशे माणसे गाठावयाची आहेत त्याने ती एकेक करून गाठावी. त्याला खर्च थोडा लागतो, पण चिकाटी फार लागते.

पूर्वीचे दोन दाखले

थोड्या भांडवलावर, थोड्या माणसांनी उभी केलेली विक्री ही काही नवी गोष्ट नव्हे. इंग्लंडमधील रॉचडेल गावी १८४४ साली अठ्ठावीस कामकऱ्यांनी, ज्यांत विणकर पुष्कळ होते, अठ्ठावीस पौंडांचे भांडवल जमवून टोड लेन नावाच्या गल्लीत एक लहान दुकान काढले. आरंभी त्यांच्याजवळ पीठ, लोणी, साखर, ओटचे भरड पीठ असे मोजकेच जिन्नस होते. त्या काळी पिठात भेसळ करणे व वजनात मारणे हे सर्रास चाले. ह्या दुकानाने निर्भेळ माल, पुरे वजन आणि रोख व्यवहार हे तीन नियम कसोशीने पाळले. त्यांच्याजवळ दुसरी जाहिरात नव्हती. जगातील सहकारी चळवळ आज ज्या तत्त्वांना आपला पाया मानते ती ह्याच दुकानात रुजली.

दुसरा दाखला घरचा आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगाव भागात सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक उत्तम व एक हलका. परंतु त्यांचे मार्गदर्शक छगनलाल करमसी पारेख यांनी त्यांना एकच प्रत ठेवावी आणि तिच्यात कधीही तडजोड करू नये, असा सल्ला दिला. हाच उद्योग पुढे ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या नावाने देशभर पोहोचला.

दोन्ही ठिकाणी माणसे गरीब होती व भांडवल नाममात्र होते. गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी आले ते पहिल्या वेळच्या मालाची खात्री पटल्यामुळे. लहान गटासाठी सर्वांत स्वस्त जाहिरात ती हीच.

एकसारखा माल

खात्री पटविण्याचा अर्थ असा की, संक्रांतीला घेतलेली पिशवी आणि पाडव्याला घेतलेली पिशवी यांत गृहिणीला फरक दिसता कामा नये. बारा घरची तूर एकत्र आली की, हे आपोआप घडत नाही. त्यासाठी नियम करावे लागतात.

पहिला नियम वाणाचा. बीडीएन-७११ हा पांढऱ्या दाण्याचा व बीएसएमआर-७३६ हा लाल दाण्याचा वाण. दोन्ही चांगले आहेत, पण ते एका घाण्यात मिसळू नयेत. दाण्याचा आकार व साल भिन्न असली म्हणजे भरडताना एक फुटतो तर दुसऱ्याची साल तशीच राहते, आणि डाळ शिजतानाही काही दाणे मऊ व काही टणक राहतात. म्हणून पेरणीपूर्वीच, म्हणजे ज्येष्ठातच, गटाने एक वाण ठरवून घ्यावा. विक्रीची तयारी पेरणीपासून सुरू होते हे ध्यानात ठेवावे.

दुसरा नियम वाळवणीचा. दाणा दाताखाली धरला असता कडक आवाज होऊन तुटला पाहिजे. दबला तर तो ओला समजावा. जवळच्या बाजार समितीत किंवा कृषि विज्ञान केंद्रात ओलावा मोजण्याचे यंत्र असल्यास त्यावर तपासणी करून घ्यावी.

तिसरा नियम किडीचा. कडधान्यातील भुंगेऱ्याची अंडी दाण्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली दिसतात. तूर गटात घेताना प्रत्येक पोत्यातून वर, मध्ये व तळाशी अशा तीन ठिकाणांहून मूठभर दाणा काढून ताटात पसरावा आणि उजेडात पाहावा. ही तपासणी पोते ज्याचे त्याच्यासमोर व्हावी. पाठीमागे होऊ नये. समोरासमोर झालेल्या तपासणीचा राग येत नाही.

भरडण्यासाठी गावात लहान डाळमिल असल्यास उत्तम. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तयार केलेली लहान डाळमिल अनेक गावांत पोहोचली आहे. आरंभी यंत्र विकत घेण्याच्या भरीस न पडता भरडणावळ देऊन काम करून घ्यावे. गावची डाळ पेठेतील डाळीसारखी चकचकीत दिसत नाही. तिला रंग वा तेलाची झिलई देऊन तसे रूप आणण्याचा मोह कोणी करू नये. ‘आमच्या डाळीला झिलई दिलेली नाही’ हे गिऱ्हाइकास प्रामाणिकपणे सांगावे. समजणारा गिऱ्हाईक त्यासाठीच येतो.

काटा आता आपल्या हाती

शेतकऱ्याने काट्याचा जाच पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, मुंबई इलाख्यात १९३९ साली बाजाराचा कायदा आला, महाराष्ट्रात १९६३ साली कृषि उत्पन्न बाजाराचा अधिनियम झाला. या साऱ्यांमागे मापातील अन्यायाची तक्रार हे एक मोठे कारण होते. आता गट स्वतः विक्रीस बसला म्हणजे तोच काटा शेतकऱ्याच्या हाती येतो. ज्याने मापाची झळ सोसली आहे त्याने दुसऱ्यास ती लावू नये.

येथे एक चूक अजाणता होते. पिशवी काट्यावर ठेवून डाळीसह एक किलो भरली जाते आणि पिशवीचे वजन डाळीत मोजले जाते. पाकिटावर लिहिलेले वजन हे केवळ आतील डाळीचे असावयास हवे. शिवाय डाळ साठवणीत किंचित सुकते. म्हणून भरताना काट्यावर पाच-दहा ग्रॅम जास्तच पडू द्यावे. काट्याची ठरलेल्या मुदतीत वैधमापन खात्याकडून पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा.

पाकिटावरील चिठ्ठी साधी व स्वच्छ असावी. मालाचे नाव, निव्वळ वजन, भरल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह किंमत, गटाचे नाव व पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी भ्रमणध्वनी क्रमांक, घाण्याचा क्रमांक, कोणत्या मुदतीपर्यंत वापरावी ती तारीख आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा क्रमांक एवढा मजकूर तीवर अवश्य हवा. अन्नपदार्थ विकणाऱ्या लहानात लहान उद्योगालाही २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमाखाली नोंदणी करावी लागते. तिचे शुल्क अल्प असते. चिठ्ठीची छपाई करण्यापूर्वी कार्यकर्त्याने तिचा मसुदा संबंधित खात्यास दाखवून घ्यावा आणि वस्तू व सेवा कराचा नियमही त्याच वेळी विचारून घ्यावा.

दोन शब्द मात्र चिठ्ठीवर जपून वापरावेत. प्रमाणपत्र नसताना ‘सेंद्रिय’ असे छापू नये. तसेच दुसऱ्या गावाचे नाव आपल्या मालास लावू नये. उदाहरणार्थ, नवापूरच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन आहे. त्या नावावर तेथील उत्पादकांचा हक्क आहे. आपल्या गटाने आपल्या गावाचे नाव लावावे आणि ते मोठे करावे.

घरे कोठे शोधावीत?

दीडशे घरांपैकी पहिली तीस-चाळीस घरे बहुधा गावाच्या ओळखीतूनच मिळतात. प्रत्येक गावातील काही माणसे नोकरीनिमित्त तालुक्याला किंवा जिल्ह्याला असतात. गावची डाळ म्हटली की त्यांना माया वाटते. परंतु मायेवर एकच पिशवी खपते. दुसरी पिशवी खपावयाची तर डाळ चांगली असावी लागते. म्हणून ओळखीच्या माणसासही पहिल्या प्रतीचाच माल द्यावा.

त्यानंतर जेथे पुष्कळ कुटुंबे एकत्र असतात अशी ठिकाणे पाहावीत : शाळेतील शिक्षकवर्ग, तालुक्यातील कार्यालये, पोलीस वसाहत, रुग्णालयातील परिचारिका, शहरातील गृहनिर्माण संस्था. अशा ठिकाणी एक घर मिळाले की शेजारची चार घरे त्याच्या शब्दावर मिळतात. राज्यात फळे व भाजीपाला यांची बाजार समितीबाहेरील विक्री २०१६ साली मोकळी झाली आणि शेतकऱ्यांचे आठवडी बाजार अनेक शहरांत भरू लागले. आपल्या जवळच्या शहरात असा बाजार भरत असल्यास तेथे नेमाने एका ठरलेल्या जागी बसावे. आज येथे व उद्या तेथे बसणाऱ्याला गिऱ्हाईक शोधीत येत नाही.

माल दाखविण्याची रीत विस्तारकार्य करणाऱ्यास नव्याने शिकविण्याची गरज नाही. नवे बियाणे शेतकऱ्याने स्वीकारावे म्हणून आपण व्याख्यान देत बसत नाही. त्याच्याच शेजाऱ्याच्या रानात प्रात्यक्षिक करून दाखवितो. डाळीचेही तसेच करावे. हातच्या काकणाला आरसा कशाला? विक्रीच्या जागी शेगडीवर लहान पातेल्यात नुसती डाळ, हळद व मीठ घालून शिजत ठेवावी. तिचा वास जो सुटतो तो कोणत्याही फलकापेक्षा अधिक बोलतो. कोणी विचारील, “काकू, डाळ शिजायला वेळ तर लागत नाही ना?” तर उत्तर देण्याऐवजी वाटीत चमचाभर वाढावी. चांगल्या घरास शंभर ग्रॅमचा नमुना पुडीत बांधून द्यावा. पंचवीस नमुन्यांना अडीच किलो डाळ लागते. रंगीत पत्रकांच्या खर्चाशी ह्याची तुलना करून पाहावी.

वही, निरोप आणि रोख

ज्याने एकदा डाळ घेतली त्याचे नाव, वस्ती, भ्रमणध्वनी क्रमांक, घेतलेले वजन व तारीख एका वहीत उतरवून घ्यावी. ‘पुढील वेळी डाळ आली की कळवू का?’ असे विचारावे आणि जो होय म्हणेल त्यालाच कळवावे. ही वही गटाचे खरे भांडवल होय. यंत्र मोडले तर नवे आणता येते. वही हरवली तर दीडशे घरे हरवतात. म्हणून तिची दुसरी प्रत ठेवावी.

हल्ली जवळजवळ प्रत्येक घरी भ्रमणध्वनी आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पाठविण्यास वेगळा खर्च येत नाही. परंतु फुकट आहे म्हणून रोज निरोप पाठविणाऱ्यास लोक लवकर कंटाळतात. फेरीच्या चार दिवस आधी एक निरोप पुरे. तो असा असावा : “नमस्कार. आमच्या गटाची तूरडाळ रविवारी सकाळी आठ ते अकरा या वेळात आपल्या वस्तीत येत आहे. किलोचा भाव १४० रुपये. किती किलो ठेवावी, हे शुक्रवारपर्यंत कळवावे.” यात दिवस, वेळ, ठिकाण, भाव सर्व आले. शुक्रवारी रात्री मागणीची बेरीज करावी आणि तेवढाच माल, वर दहा-वीस किलो अधिक, गाडीत घालावा.

पैसे रोख घ्यावेत किंवा यूपीआयने घ्यावेत. यूपीआयचा संकेतफलक गटाच्या बँक खात्याचा असावा, एखाद्या सभासदाच्या खाजगी खात्याचा नसावा. पुष्कळ गटांत संशयाचे बीज येथेच पडते. उधारीस प्रथमपासूनच नम्रपणे नकार द्यावा. रॉचडेलच्या विणकरांनी उधारी नाकारली ती कठोरपणाने नव्हे. उधारीने दुकान बुडते आणि ओळखही तुटते हे त्यांनी पाहिले होते.

हिशेब कसा मांडावा?

आता पुढील हिशेब पाहावा. यातील दर केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक गटाने आपल्या गावचे व त्या वर्षीचे दर घालून तो पुन्हा मांडावा.

तुरीची किंमत, १२ क्विंटल, दर ७,००० रुपये : ८४,००० रुपये
भरडणावळ, क्विंटलला ६०० रुपये : ७,२०० रुपये
साफसफाई व वाळवणीची मजुरी : ३,६०० रुपये
८४० पिशव्या व चिठ्ठ्या, नगास ५ रुपये : ४,२०० रुपये
आठ फेऱ्यांची वाहतूक व जागेचे भाडे, फेरीस ९०० रुपये : ७,२०० रुपये
नोंदणी, फलक, काट्याची पडताळणी व किरकोळ : १,८०० रुपये
एकूण खर्च : १,०८,००० रुपये
वजा, २४० किलो चुणीची विक्री, किलोस २० रुपये : ४,८०० रुपये
निव्वळ खर्च : १,०३,२०० रुपये
८२० किलो डाळीची विक्री, किलोस १४० रुपये : १,१४,८०० रुपये
शिल्लक : ११,६०० रुपये

येथपर्यंतचा हिशेब पाहून गट आनंदित होतो. परंतु हा हिशेब पुरा झालेला नाही. आठ फेऱ्यांत प्रत्येक वेळी दोन सभासद दिवसभर बसले. सोळा दिवसांची मजुरी, दिवसास ४०० रुपये धरल्यास, ६,४०० रुपये होते. ती वजा केली म्हणजे खरी शिल्लक ५,२०० रुपये, म्हणजे सभासदास अवघे ४३३ रुपये राहतात. घरच्या श्रमास किंमत नाही असे मानणारा गट कागदावर नफ्यात आणि प्रत्यक्षात थकव्यात असतो. दुसऱ्या हंगामात विक्रीस बसण्यास कोणी तयार होत नाही, त्याचे कारण हेच.

आता दुसरे वर्ष पाहावे. वहीत दीडशे घरे आहेत आणि मागणी आधीच कळते. जो माल पूर्वी आठ फेऱ्यांत जात होता तो चार फेऱ्यांत जातो, कारण प्रत्येक फेरीत चाळीस-एक घरे वाट पाहत असतात. वाहतुकीचे ३,६०० आणि श्रमाचे ३,२०० असे ६,८०० रुपये वाचतात. इतर सर्व दर तेच धरले तरी शिल्लक १२,००० रुपये होते, म्हणजे सभासदास १,००० रुपये. भाव वाढविला नाही, माल वाढविला नाही, जाहिरात केली नाही. जुनी घरे टिकली एवढ्यानेच शिल्लक दुपटीहून अधिक झाली. जुन्या गिऱ्हाइकाची किंमत किती, ती ही अशी मोजता येते.

भिजलेले पोते

गटाची खरी परीक्षा मात्र वहीत होत नाही. ती एखाद्या अवकाळी पावसाच्या दिवशी होते. समजा, बारा सभासदांपैकी एका विधवा भगिनीची तूर खळ्यावर असताना पाऊस आला. घरात दुसरे कर्ते माणूस नाही. झाकण्यास वेळ झाला आणि पोते भिजले. तूर वाळविली, पण दाणा काळवंडला आणि त्याला कुबट वास राहिला. तपासणीच्या दिवशी गटाचा प्रमुख अडखळत म्हणतो, “वहिनी, ही तूर घाण्यात घेता येणार नाही.” ती म्हणते, “भाऊजी, माझ्याजवळ दुसरे पोते नाही. अकरा पोत्यांत एक मिसळले तर कोणाला कळणार आहे?”

सारे गप्प होतात. तिचे म्हणणे खोटे नाही. तिच्या मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्याच पोत्यातून व्हावयाचा आहे. परंतु अढीतील एक नासका आंबा साऱ्या अढीला नासवितो. पोते मिसळले तर वास साऱ्या ८४० किलोंस लागेल. घरोघरच्या गृहिणी तक्रार करणार नाहीत, केवळ पुढच्या निरोपास उत्तर देणार नाहीत, आणि गट पुन्हा आठ फेऱ्यांवर येईल. त्याची किंमत आपण वर पाहिली आहे : वर्षाला ६,८०० रुपये.

उलटपक्षी तिला एकटीला नुकसानीत सोडले तर तो गट कसला? वाट अशी आहे. तिची तूर निवडावी. निरोगी दाणा वेगळा काढून घाण्यात घ्यावा. काळवंडलेला पण बुरशी न लागलेला दाणा पशुखाद्यासाठी विकावा. बुरशी लागलेला दाणा जनावरासही घालू नये. तो पुरून टाकावा. एवढे करून समजा तिला ३,००० रुपयांची तूट आली, तर ती बारा घरांनी वाटून घेतल्यास प्रत्येकी २५० रुपये पडतात. गटाने आरंभापासून किलोमागे एक रुपया ‘तूट निधी’ म्हणून बाजूस काढला असेल, तर हा भार आणखी हलका होतो.

२५० रुपयांत एक घर सावरते आणि दीडशे घरांचा विश्वास राहतो. पाऊस येण्यापूर्वीच हा नियम सर्वांच्या सह्यांनी लिहून ठेवावा. पोते भिजल्यानंतर नियम करावयास बसले तर कोणाची तरी बाजू घेतल्यासारखे होते.

कार्यकर्त्याचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशा गटाच्या मागे उभे राहावे. पुढे उभे राहू नये. त्याने स्वतः विक्री करू नये आणि गटाचा पैसा आपल्या हाती घेऊ नये. त्याची कामे वेगळी आहेत. पेरणीपूर्वी एका वाणावर सभासदांचे एकमत करणे, पहिल्या तपासणीस हजर राहणे, चिठ्ठी व नोंदणी नियमाप्रमाणे झाली की नाही हे पाहणे आणि पहिल्या हंगामाचा हिशेब सभासदांकडून, स्वतः न लिहिता, लिहून घेणे एवढे त्याने करावे. गटातील कामे चार हातांत वाटलेली असावीत : तपासणी, भरणी, विक्री व हिशेब. हिशेब एकाने लिहावा, दुसऱ्याने तपासावा आणि महिन्यातून एकदा तो सर्वांसमोर मोठ्याने वाचला जावा. विक्रीच्या जागी भगिनींना अवश्य बसवावे. डाळ कशी शिजते हे घेणारीस पटवून देण्याचे काम त्यांच्याइतके चांगले कोणास साधणार?

दोन-तीन हंगाम नीट गेले, घरे वाढली आणि माल अपुरा पडू लागला म्हणजे पुढची पायरी चढावी. दहा किंवा अधिक उत्पादक एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनी काढण्याची तरतूद कायद्यात २००२ सालापासून आहे. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषि बाजाराच्या संगणकीय व्यवस्थेचाही मोठ्या मालास उपयोग होतो. परंतु प्रथम कंपनी आणि मागाहून गिऱ्हाईक असा उलटा क्रम लावू नये. ज्याने दीडशे घरे सांभाळली तोच पुढे दीड हजार सांभाळू शकेल.

शेतकरी बंधुभगिनींनो, येत्या हंगामात आपल्या गटाच्या बैठकीत फलकाचा व पत्रकाचा विषय तूर्त बाजूस ठेवा. त्याऐवजी दोनशे पानी एक वही आणा. पहिल्या पानावर आपल्या बारा जणांची नावे, ठरलेला वाण आणि तूट निधीचा नियम लिहून सह्या करा. दुसऱ्या पानापासून घरांची नावे लिहावयास घ्या. वर्षअखेर त्या वहीतील किती घरांनी दुसऱ्यांदा डाळ मागितली हे मोजा. गटाची विक्री चालली की नाही, हे त्या आकड्यावरून तुम्हांस कळेल.